कासव वर येईना

माझ्या मुलीने मला नापास केलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. ज्या पुस्तकावरून नापास केलं, ते पुस्तक माझंच होतं, चित्रांसकट आणि शब्दांसकट. मैना माझ्या मांडीवरून उठली, पुस्तक काखेत मारलं आणि म्हणाली, "आई, तू नको वाचू. तुझ्या हातात कासव वर येत नाही. मी आप्पांकडं जातो."

'जातो' हे तिचं चुकलेलं नव्हे. आमच्या कोल्हापुरात मुलीसुद्धा 'येतो, जातो'च म्हणतात. पुण्याच्या माझ्या मावशीने मला दुरुस्त करायला बरीच वर्षं घालवली, पण मैनापुढे तिनेच हात टेकले.

पुस्तकाचं नाव 'कासवाचं तळं'. लहान मुलांना आपलं मन जागेवर आणायला शिकवणारं चित्रांचं पुस्तक. मागच्या बाजूला माझा हसरा फोटो आहे आणि त्याखाली छापलंय, 'ऋजुता गवंडे यांच्या चित्रांत एक निवांतपणा आहे.' निवांतपणा! एका हाताने दात घासत दुसऱ्या हाताने दूध ढवळणारी बाई मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या घराच्या दारावर लावायला हरकत नाही, असं माझा नवरा प्रसेन म्हणतो. तो बोलतो फार.

सहा वर्षांखालच्या मुलांना कुठलाही पडदा दाखवायचा नाही असा कायदा आला, तेव्हा घराघरांत रडारड झाली, मुलांची थोडी आणि आईबापांची जास्त. त्यानंतर चित्रांची पुस्तकं परत आली. पण मुलं दुसऱ्या पानाला उठून पळायची. मग प्रकाशकांनी 'शांत व्हायला शिकवणारी' पुस्तकं काढायचा सपाटा लावला. श्वास घेणारा हत्ती, श्वास घेणारा ढग, श्वास घेणारी इडली. सगळ्यांत एकच सूचना, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मुलं औषध घेताना मिटतात तसे डोळे घट्ट मिटायची, आणि लगेच एक डोळा उघडून विचारायची, "झालं?"

माझी शाळेपासूनची मैत्रीण झुबेदा मुजावर कागदावर संशोधन करते. तिला ही इडली दाखवली तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "अगं, पोराला सांगून काय कळणार? त्याला दिसाय पाहिजे."

ते दिसायची सोय तिने केली. तिचा कागद दोन थरांचा. मधे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या, आणि प्रत्येक कुपीत दोन रंगांची भुकटी, एक पांढरी, एक मातकट. अगदी नखाएवढी वीज दिली की एक भुकटी वर येते आणि दुसरी तळाशी बसते, म्हणजे चित्र पालटतं. पडद्यासारखा उजेड त्यात नाही, म्हणून ते कायद्यात बसतं. पानाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत धातूच्या शाईची एक पट्टी छापलेली. पान धरताना अंगठा त्या पट्टीवर येतो आणि पट्टीला नाडी कळते.

नाडीतली गंमत मलाही झुबेदाकडूनच कळली. आपलं हृदय एकसारखे ठोके देत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांब पडतात. माणूस निवांत असेल तर हा झोका मोठा असतो. चिडला, घाबरला किंवा घाईत असला, की झोका आखडतो आणि ठोके कवायतीसारखे एका मापात पडायला लागतात. पुस्तक फक्त हा झोका बघतं. तो लहान असेल तर पानावरचं तळं गढूळ. तो वाढला की गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि तळाशी दडलेलं कासव वर येऊन मान बाहेर काढतं. पुस्तक गुण देत नाही की शाबासकी देत नाही. कासव येतं किंवा येत नाही, एवढंच.

चाचणी आम्ही मैनाच्याच बालवाडीत घेतली. तिथल्या इंगवलेबाई गोष्ट जुन्या पद्धतीने सांगतात. त्यांनी एक वाक्य म्हणायचं आणि पोरांनी 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही तर गोष्ट तिथंच थांबते, मग कोणी कितीही हातापाया पडो. सगळी पोरं सतरंजीवर बसली होती, प्रत्येकासमोर पुस्तक आणि कोपऱ्यांवर इवले अंगठे.

"एक होतं कासव," बाई म्हणाल्या.

"हंऽ."

"ते बसलं चिखलात."

"हंऽ."

कासवं भराभर वर यायला लागली. झुबेदा उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र माझ्या चित्राकडे बघत होते. कासवाचा मागचा डावा पाय मला वाकडा दिसत होता, आणि आता तो दुरुस्त करायची वेळ निघून गेली होती.

तर असं हे पुस्तक. आणि ते काखेत मारून माझी मुलगी माझ्या सासऱ्यांकडे निघून गेली.

मी दाराआडून बघितलं. आप्पांनी चष्मा लावला, मैनाला मांडीत घेतलं आणि पहिलं पान वाचलं. दुसरं पान अर्धं वाचलं. तिसऱ्या पानाला त्यांची मान खाली गेली आणि बारीक घोरणं सुरू झालं. पाणी असं निवळलं होतं की तळाचे गोटे दिसावेत. कासव वर येऊन ऐटीत बसलं होतं. मैना स्वतःशीच पानं उलटत होती, अगदी खूश.

प्रसेनचंही तेच. तो चालकाविना धावणाऱ्या रिक्षांच्या कचेरीत आहे आणि पुस्तकही तो रिक्षाच्या सूचनांसारखंच वाचतो. तरी त्याच्या हातात कासव वर!

"वाचताना तू कशाचा विचार करत होतास?" मी विचारलं.

"कशाचा नाही."

"खरं सांग."

"कालच्या मॅचचा. पण असा आरामात, ऋजू. ताण न घेता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैनाला भरवते मी, तिच्या तापात उशाशी बसते मी, तिच्या बुटाचा तळ झिजला हे पहिल्यांदा दिसतं ते मला. आणि कासव वर येतं झोपलेल्या आप्पांच्या आणि मॅच आठवणाऱ्या प्रसेनच्या हातात! मला फार वाईट वाटलं. हे इथं सरळ सांगून टाकते, कारण त्या दिवसांत मी ते कोणाला सांगितलं नाही, नुसती भांडी आपटली.

मग मी तयारीला लागले. वाचायला बसण्याआधी हात गार पाण्याने धुतले. गॅलरीत उभी राहून लांब श्वास घेतले, तर समोरच्या वहिनींनी विचारलं, "दम लागलाय का?" मैनाची मनधरणी करून तिला मांडीत घेतलं. पहिलं पान उघडलं आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल? तो वाकडा पाय. मग आकाशाचा निळा रंग छापताना जरा गडद झालाय, ते. मग दुसऱ्या ओळीत एक शब्द जास्त आहे, तो. माझं तोंड वाचत होतं आणि डोळे चुका वेचत होते. तळं खवळलेलं.

"आई," मैनाने हळूच माझं बोट धरलं, "तू अंगठा काढ ना."

मी अंगठा काढला. गाळ थोडा खाली बसला आणि कासव अर्धं वर आलं. मैनाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझी समजूत काढल्यासारखं ती बघत होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी झुबेदाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिने सगळं ऐकून घेतलं, पुस्तकाच्या पाठीतली, नाडीची नोंद ठेवणारी चकती काढून तपासली आणि कपाळावर हात मारला.

"आपण येडे आहोत दोघी. चाचणीत पोरं कुठं बसली होती?"

"सतरंजीवर."

"आणि घरात कुठं बसतात?"

"मांडीत," मी म्हटलं, आणि मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

"एक कोपरा पोर धरतंय, दुसरा मोठं माणूस. पुस्तक दोन्ही हातांची बेरीज करतंय. तू आई असून तुला सुचलं नाही, आणि मी तीन पोरांची आत्या, मलाबी नाही!"

"पण मी अंगठा काढला तरी ते अर्धंच वर आलं."

"येणारच. मांडीतल्या पोराची पाठ तुझ्या पोटाला लागलेली असते. तुझा श्वास आखडला की तिचाबी आखडतो. मोठ्याच्या मागं लहान जातं, हे त्याच्या अंगातच असतंय."

"म्हणजे पुस्तक सांगतंय ते खरं? मी वाईट आई आहे?"

"ए ऋजे, गप की!" झुबेदा खरंच चिडली. "पुस्तकाला फक्त घाई कळते. ती कशापायी, ते कळत नाही. माया त्याला मोजता येत नाही. तुझे सासरे झोपले काय आणि एखादा साधू ध्यानाला बसला काय, त्याला सारखंच." मग ती म्हणाली, "मोठ्या हाताचं वजा करणारी गाळणी लावता येईल. पण सांगून ठेवतो, त्यात पोराचंबी थोडं वजा होणार. दोघांच्या नाड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, नीट वेगळ्या निघत नाहीत."

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. गाळणी हा शब्द तेवढा धरून ठेवला.

तोवर गावात पुस्तकाने वेगळाच धुमाकूळ घातला होता. मुलांना कळून चुकलं होतं की कोणाच्या हातात कासव येतं आणि कोणाच्या नाही, आणि मुलं असल्या गोष्टी मनात ठेवत नाहीत. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांना त्यांच्या मुलाने पाहुण्यांदेखत सांगितलं, "बाबा, तुमच्यात चिखल आहे." एका घरात आजी आणि आई यांच्यात कासवावरून अबोला झाला. आणि कांद्यापोह्यांच्या एका कार्यक्रमात मुलीकडच्यांनी मुलाच्या हातात बशीच्या आधी हे पुस्तक दिलं म्हणे! मुलगा घाबरणार नाही तर काय? तळं ढवळून निघालं आणि सोयरीक मोडली. शेवटची गोष्ट प्रसेनने आणली होती, त्यामुळे तिच्यात मीठमसाला असणार.

प्रकाशक घोरपडेसाहेबांचा फोन आला तो या सगळ्यानंतर. पाटीपेन्सिल प्रकाशन हे त्यांचं घरचं दुकान, आणि साहेबांची पुस्तकांवर मनापासून भक्ती. फक्त पुस्तकांनी गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"बाई, मी पोरांना शांत करणारं पुस्तक काढलं होतं. तुमच्या पुस्तकानं आईबाप खवळलेत," ते म्हणाले. "राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी ते घ्यायचं की नाही, हे पुढच्या आठवड्यात ठरणार आहे. मुजावरबाई गाळणी लावते म्हणतात. तुम्ही सही करा आणि मोकळ्या व्हा."

करारात एक कलम मीच हट्टाने घालून घेतलं होतं, की माझ्या सहीशिवाय पुस्तकात काही बदलायचं नाही. सही करायला मी एका पायावर तयार होते. अंगणवाड्या राहिल्या बाजूला, मला माझी मैना परत मांडीत हवी होती. "सोमवारी येऊन करते," मी म्हटलं. झुबेदाने गाळणीची एक प्रत घरी पाठवून दिली.

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी मैनाला हाक मारली. "बघ तर, आज काय होतंय."

ती शंकेखोर चेहऱ्याने येऊन बसली. मी पान उघडलं, अंगठा ठेवला, वाचायला लागले. पाणी हळूहळू निवळलं आणि कासव वर आलं. मैना किंचाळलीच. "आई, आलं! तुझ्यात आलं!" तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. त्या क्षणी मी झुबेदाला अख्खा कागदाचा कारखाना भेट दिला असता.

दुसरं पान. कासव वर. तिसरं पान. कासव वर. चौथ्या पानाला माझा फोन थरथरला. घोरपडेसाहेब. मग परत थरथरला. कुकरची शिट्टी झाली. मैना पानावरच्या बेडकाशी काहीतरी बोलत बसली होती, आणि मी करवादले, "मैना, पान उलट की पटकन! किती वेळ!"

ती दचकली. तिचं अंग माझ्या मांडीत एवढंसं झालं. आम्ही दोघींनी एकदम पानाकडे बघितलं. पाणी स्वच्छ होतं. कासव मान बाहेर काढून हसत होतं.

मैना कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पानावर बोटाने टकटक केलं, जणू झोपलेल्याला उठवावं.

"आई, याला दिसत नाही का?"

"काय दिसत नाही?"

"तू रागावलीस ते." तिने पुस्तक मिटलं आणि खाली ठेवलं. "ते दुसरं कासव शहाणं होतं. तू रागावलीस की ते खाली जायचं. हे येडं आहे."

ती उठून खेळायला गेली. मी तिथंच बसून राहिले. मला वाटत होतं की कासव येत नाही म्हणून तिला माझा राग येतो. तसं काहीच नव्हतं. खाली जाणाऱ्या कासवावर तिचा विश्वास होता, कारण जे तिच्या पाठीला लागत होतं तेच त्याला दिसत होतं. मी मात्र तिच्या हातात माझी बाजू घेणारं पुस्तक दिलं. मला लाज वाटली आणि रडूही आलं. आप्पा पाणी प्यायला आले होते, ते काही न विचारता कुकर बंद करून गेले.

रविवारी सकाळी मी जुनं पुस्तक, बिनागाळणीचं, तिच्यासमोर ठेवलं. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मैना, मला काही हे नीट वाचता येत नाही बघ."

"मग मी वाचतो," ती म्हणाली. तिला अजून अक्षरओळख नाही, पण तेवढ्याने ती अडत नाही. ती माझ्या मांडीत चढली. माझा अंगठा तिने स्वतःच उचलून कोपऱ्यावर ठेवला. "तू हं म्हण."

"म्हणते."

"एक होतं कासव."

"हं."

"त्यानं झाडावरून उडी मारली."

असं मी कुठंही लिहिलेलं नाही. माझं कासव तळ्याकाठी बसून सकाळचा वारा अनुभवतं. मी मनातल्या मनात तिचं वाक्य दुरुस्त करायला लागले, आणि गोष्ट थांबली. मैना गप्प बसून वाट बघत होती.

"काय झालं? पुढे सांग की."

"तू हं म्हणाली नाहीस. हं म्हटलं नाही तर कासव तिथंच राहतंय. इंगवलेबाई म्हणतात."

"हंऽ," मी म्हटलं, चांगलं लांब.

"उडी मारली आणि त्याचा पाय मोडला. हा बघ." तिने बोट ठेवलं ते नेमकं मागच्या डाव्या पायावर. "म्हणून तो वाकडा आहे. मला हा पाय सगळ्यात आवडतो."

"हंऽ."

"मग ते दवाखान्यात गेलं नाही. ते पाण्यात बसलं. पाणी म्हणालं, दुखतंय का?"

"हंऽ."

हं म्हणायचं तर ऐकावं लागतं. पुढचं वाक्य काय येईल ते माझ्या हातात नव्हतं, दुरुस्त करायला काही नव्हतं, आणि मधेच मन कुठं गेलं की ती लगेच थांबायची. कासवाची बेडकाशी भांडणं झाली, त्याला खर्डा तिखट लागला, ते आपल्या आईला शोधत रंकाळ्याला निघालं. आई सापडणार की नाही, या काळजीत मी हं, हं करत होते. पान कधीच निवळलं होतं. मैनाने उलटताना ते मला दिसलं. कासव वर आलेलं होतं, वाकड्या पायासकट, आणि केव्हा आलं ते मला सांगता आलं नसतं.

मी झुबेदाला फोन केला तेव्हा ती भाकरी थापत होती. "बालवाडीतल्या चाचणीचा टिपून ठेवलेला आवाज तुझ्याकडे आहे ना? कासवं केव्हा वर आली ते बघ. हं म्हणण्याआधी की नंतर?"

तासाभराने तिचा फोन आला, आणि आवाजात भाकरीची चिंता राहिली नव्हती. "सगळी हं म्हटल्यावर, ऋजे! अगं साधं आहे, हं म्हणजे लांब सोडलेला श्वास, आणि सोडताना झोका वाढतो. आपल्याला वाटलं होतं आपला कागद भारी. तिथं अर्धं काम बाईंच्या गोष्टीनं केलं होतं."

सोमवारी उन्हाची सुट्टी होती म्हणून बालवाडी बंद. मैनाला घेऊनच मी घोरपडेसाहेबांकडे गेले. त्यांनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं.

"मी सही करत नाही, साहेब. गाळणी नको."

"बाई, हातातोंडाशी आलेलं काम आहे!"

"माझे शब्द काढून टाका. सगळे. चित्रं राहू देत, पाय वाकडा राहू दे. पहिल्या पानावर एवढंच छापा, की गोष्ट मुलाने सांगायची आणि मोठ्याने हं म्हणायचं."

"शब्दाविना पुस्तक? लोक विकत काय घेणार, कागद?"

मी काही बोलायच्या आत मैना त्यांच्या खुर्चीपाशी पोचली होती. तिने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा अंगठा कोपऱ्यावर दाबला. साहेबांचं तळं काय गढूळ होतं म्हणता! पंचगंगेला पूर आल्यावर असतं तसं.

"एक होतं कासव," मैना म्हणाली आणि थांबली. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"हं म्हणा की!" तिने दटावलं.

"हं," साहेब म्हणाले. मग घड्याळाकडे बघितलं. गोष्ट थांबली. "हं, हं! सांग, बाळ."

आज कासव विमानात बसलं होतं. साहेबांनी दोनदा चष्मा सारखा केला. तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं, त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. विमानातून कासवाची टोपी खाली पडली तिथं मैनाला शिंक आली आणि ती नाक पुसत बसली.

"मग? टोपीचं काय झालं पुढं?" साहेबांनी विचारलं.

"कासव आलं," मैना म्हणाली.

साहेबांनी खाली बघितलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "माझा नातू आठवड्याला येतो. मी त्याला वाचून दाखवतो, तर तो पळून जातो. मी म्हणायचो, पोरात चिकाटी नाही." त्यांनी सहीचा कागद उलटा करून ठेवला. "तुमचं खरं असेल तर असेल. बुडालो तर तुमच्या नावानं बोंब मारणार."

बुडाले नाहीत. अंगणवाड्यांच्या समितीने गाळणीशिवायचं, शब्दांशिवायचं पुस्तक आधी फक्त एका जिल्ह्यात घेतलं, आणि पुढचं पुढे बघू म्हणाली. पण साहेब हल्ली फोनवर माझं बोलणं ऐकताना मधे मधे हं म्हणतात. डॉक्टरांच्या मुलाने बाबांना पुन्हा संधी दिल्याचं कळलं. मोडलेल्या सोयरिकीचं काय झालं, ते प्रसेनलाही माहीत नाही.

मी सुधारले का? नाही. दात घासताना दूध अजून ढवळते. मैना रोज मला गोष्ट सांगते, मी हं म्हणते, आणि ज्या दिवशी मन थाऱ्यावर नसतं त्या दिवशी ती तीनतीनदा थांबते आणि कासव खाली जातं. आता मला त्याचा राग येत नाही. आमच्या दोघींत ते एक शहाणं माणूस आहे असं धरून चालते.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली. ते जुनंच, माझे शब्द असलेलं, कोपरे दुमडलेलं. मी मांडी घातली आणि हं म्हणायच्या तयारीत बसले.

"आज तू वाच," ती म्हणाली. "मी हं म्हणतो."

माझ्या छातीत धडधडलं. अंगठा ठेवला तर तळं हे असं गढूळ! मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जाईल.

तिने मागे रेलून पाठ माझ्या पोटाला नीट टेकवली. "राहू दे त्याला खाली. त्याला यायचं तेव्हा येईल," ती म्हणाली. "तू सांग."

"एक होतं कासव."

"हंऽ."

"त्याचा एक पाय वाकडा होता."

तसं पुस्तकात नव्हतं. तिला ते माहीत होतं, आणि ती खुदकन हसली.

"हंऽ," ती म्हणाली, चांगलं लांब, आणि तिच्या श्वासाबरोबर माझाही सुटला. मी सांगत राहिले. बाहेर अंधारून आलं, आप्पांनी येऊन दिवा लावला. कासव वर आलं की नाही ते आम्ही दोघींनी बघितलंच नाही.